बिलाची बेरीज आणि यंत्राची ताकद

बारावी आणि 'नीट' आटोपली की लातूरच्या खोल्या, वसतिगृहे आणि नातलगांची घरे रिकामी होऊ लागतात. दोन वर्षे शिकवणी, सराव-परीक्षा आणि अभ्यासिका यांत काढलेली मुले नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिवकडे परततात. पहिले आठ दिवस झोपेत जातात. नवव्या दिवशी घरातील संगणकाकडे लक्ष वळते आणि असा एक प्रश्न विचारला जातो की ज्याचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणालाच देता येत नाही: 'आपल्या संगणकावर हा खेळ चालेल का?'

नांदेडच्या जुन्या मोंढ्यातील एका घराचे उदाहरण घ्यावे. खाली भुसार मालाची अडत, वर राहते घर. नातू दोन वर्षे लातूरला मामांकडे राहिला. मामांची डाळ मिल आहे आणि मामेभाऊ अभियांत्रिकीला आहे. त्याच्या संगणकावर रविवारी तासभर 'फोर्झा होरायझन 5' हा मोटारशर्यतीचा खेळ चालत असे. 2021 साली आलेल्या या खेळात मेक्सिकोचे रस्ते, पाऊस, धूळ आणि गाडीच्या काचेवरचे प्रतिबिंबही हुबेहूब दिसते. नांदेडला आल्यावर नातवाने तोच खेळ घरच्या संगणकावर उतरवून घेतला. त्यासाठी दोन रात्री गेल्या. पडदा कसाबसा उजळला, पण गाडी चार पावले चालून थांबे, पुन्हा झटका खाऊन पुढे सरके. शर्यत सुरू होण्यापूर्वीच संपली.

आजोबांनी कपाटातून बिलांची फाईल काढली. लातूरचा संगणक आणि नांदेडचा संगणक एकाच वर्षी घेतलेले, आणि दोन्ही बिलांची बेरीज जवळपास सारखीच. 'पैसे सारखे मोजले, मग एक पळतो आणि एक अडतो, हे कसे?' हा आजोबांचा प्रश्न नातवाच्या प्रश्नापेक्षा अधिक मोलाचा होता. उत्तर बेरजेत नव्हते, बेरजेच्या वरच्या ओळींत होते. नांदेडच्या बिलात टॅलीचा परवाना, प्रिंटर, यूपीएस आणि मोठा मॉनिटर होता. लातूरच्या बिलात यांतले काही नव्हते. तेथे ती रक्कम स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, दुप्पट रॅम आणि एसएसडी यांवर खर्च झाली होती. दोन पेढ्यांच्या ताळेबंदाची बेरीज सारखी असली तरी एकीचे भांडवल मालात आणि दुसरीचे इमारतीत अडकलेले असू शकते. संगणकाचेही तसेच आहे.

मुनीम एक, हमाल अनेक

संगणकात दोन प्रकारची कामे होतात, हे समजले की निम्मा गोंधळ मिटतो. प्रोसेसर हा दुकानातील अनुभवी मुनीम होय. हिशेब कितीही गुंतागुंतीचा असो, तो एकामागून एक नोंदी अचूक करतो. हिशेबाची पत्रके, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचा उतारा ही सारी मुनिमाची कामे आहेत आणि साधा प्रोसेसरही ती उत्तम करतो.

खेळातील चित्र हे मात्र हमालांचे काम आहे. आजच्या सामान्य पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके असतात. चित्र सलग हलते आहे असे डोळ्याला वाटण्यासाठी ते सेकंदाला 30 वेळा, आणि वेगाच्या खेळात 60 वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे एका सेकंदात 12 कोटी 44 लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब लहान, पण संख्या प्रचंड. बाजार समितीत सोयाबीनच्या दोन हजार कट्ट्यांची आवक झाली तर त्या उचलायला एक हुशार मुनीम उपयोगी नाही, हमालांची टोळी लागते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही टोळी. एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स 1650 या साध्या कार्डात अशी 896 गणनकेंद्रे एकाच वेळी राबतात. मामेभावाच्या जीटीएक्स 1060 या 6 जीबीच्या कार्डात 1280.

नांदेडच्या संगणकात ही टोळीच नव्हती. प्रोसेसरच्या पोटात असलेली जुजबी चित्रव्यवस्था होती. हिशेब, चित्रपट आणि व्हिडिओ कॉल यांसाठी ती पुरते. तिला स्वतःची स्मृती नसते. ती मुख्य रॅममधून उसनी घेते. 8 जीबी रॅममधून विंडोजने आपला वाटा घेतला, चित्रव्यवस्थेने आपला घेतला, आणि खेळाच्या वाट्याला उरले ते अपुरे. एकाच गल्ल्यातून तीन दुकाने चालवण्यासारखाच हा प्रकार.

खेळाची मागणी कोठे पाहावी

कर्ज मंजूर करताना अर्जदाराची ऐपत पाहतात, तशी मागणीही पाहतात. प्रत्येक खेळ विकणारी कंपनी आपली मागणी दोन ओळींत जाहीर करते: किमान आणि शिफारस केलेली. या दोहोंतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. 'किमान' याचा अर्थ खेळ सुरू होईल, कमी दर्जाचे चित्र दिसेल. समाधान मिळेलच असे नाही. 'शिफारस' याचा अर्थ निर्मात्याने जसा खेळ कल्पिला त्याच्या जवळपास तो दिसेल.

खेळाखेळांत केवढे अंतर असते ते पाहण्यासारखे आहे. 2020 चा 'व्हॅलोरंट' जुन्या प्रोसेसरमधील अंगभूत चित्रव्यवस्थेवर आणि 4 जीबी रॅमवरही सुरू होतो. 2015 साली संगणकावर आलेल्या 'जीटीए 5' च्या मूळ आवृत्तीने किमान 4 जीबी आणि शिफारस म्हणून 8 जीबी रॅम मागितली होती. 'फोर्झा होरायझन 5' किमान 8 जीबी रॅम, 110 जीबी जागा आणि जीटीएक्स 970 एवढे कार्ड मागतो. शिफारस 16 जीबी आणि जीटीएक्स 1070 ची आहे. 'रेड डेड रिडेम्प्शन 2' केवळ जागाच 150 जीबी व्यापतो. 2020 चा 'सायबरपंक 2077' तर असा, की 2023 मध्ये निर्मात्यांनी त्याची किमान मागणीच वाढवून 12 जीबी रॅम, एसएसडी आणि जीटीएक्स 1060 अशी केली. म्हणून 'आपला संगणक खेळाला चालतो का' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या खेळाला' हे आधी ठरले पाहिजे.

आपल्या बाजूची ऐपत पाहणे त्याहून सोपे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचे नाव, रॅम किती आणि किती पट्ट्यांत, डिस्क साधी की एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव, हे सारे दिसते. हे चार तपशील कागदावर लिहावेत, शेजारी खेळाची मागणी लिहावी आणि ओळ-ओळ ताडून पाहावी. येथे एक नियम कायम लक्षात ठेवावा: सरासरी काढायची नसते. तीन ओळी भक्कम आणि एक कमजोर असेल, तर संगणक कमजोर ओळीच्या गतीने चालतो.

'दोन जीबीचे कार्ड टाकून देतो, सगळे खेळ चालतील,' असे दुकानात सहज सांगितले जाते. कार्डावरील जीबी म्हणजे केवळ गोदामाची जागा. हमाल किती, हे त्यावरून कळत नाही. जीटी 710 हे 2 जीबीचे कार्डही ग्राफिक्स कार्ड म्हणूनच विकले जाते, पण त्यात गणनकेंद्रे फक्त 192 आहेत. कार्डाचे पूर्ण नाव विचारल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

वीज, उन्हाळा आणि डाळीची भुकटी

मराठवाड्यातील घरांसाठी आणखी एक ओळ कागदावर वाढवावी लागते, आणि ती कोणत्याही खेळाच्या वेष्टनावर छापलेली नसते. जीटीएक्स 1060 पूर्ण भारावर एकटेच सुमारे 120 वॅट वीज खेचते. दुकानातील यूपीएसवर 600 व्हीए लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते साधारण 360 वॅटच्या आसपास भार उचलते. मॉनिटर आणि प्रिंटरही त्यावर असतील, तर वीज जाताच यूपीएस मान टाकतो. स्वस्त एसएमपीएसवर छापलेला आकडाही कित्येकदा छापण्यापुरताच असतो. जुन्या संगणकात कार्ड बसवायचेच असेल, तर जीटीएक्स 1650 सारखे 75 वॅटमध्ये भागणारे बरे. त्याच्या बहुतेक नमुन्यांना वेगळी वीजजोडणी लागत नाही, आणि तरीही एसएमपीएस चांगल्या प्रतीचा असावा.

लातूरच्या संगणकानेही मे महिन्यात अर्ध्या तासानंतर मंद चालायला सुरुवात केली होती. मामांना वाटले, यंत्र बिघडले. वास्तविक ते स्वतःला वाचवत होते. आतील तापमान मर्यादेला पोचले की प्रोसेसर आणि कार्ड आपला वेग आपणच कमी करतात. बाहेर पारा चाळिशीपलीकडे, आणि पंख्याच्या जाळीत तुरीच्या डाळीची भुकटी थराने बसलेली. मिलमधला ब्लोअर दुरून आणि जपून मारून जाळी साफ केली, संगणक भिंतीपासून हातभर पुढे ओढला, आणि खर्चाशिवाय वेग परत आला. गोदाम, मिल किंवा मोंढ्यातल्या घरी नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्याची झाडलोट करून पाहावी.

दुसरा बिनखर्ची उपाय मागणी कमी करण्याचा. पडद्याची मांडणी 1920 ऐवजी 1280 गुणिले 720 वर आणली की ठिपके 9,21,600 उरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. सावल्या आणि प्रतिबिंबे यांचा दर्जा उतरवला की भार आणखी हलका होतो. रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी घातल्याने अंगभूत चित्रव्यवस्थेलाही चांगला हातभार लागतो. चित्र थोडे पुसट दिसते, पण गाडी धावते.

खरी जोखीम वेगळीच

नांदेडच्या घरी मात्र यापेक्षा गंभीर गोष्ट घडता घडता राहिली. विकतचा खेळ नीट चालत नाही असे पाहून एका मित्राने नातवाला दुसऱ्याच एका जड खेळाची फुकट प्रत सुचवली. ती बसवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा, अशी सूचना त्यासोबतच होती. तारीख होती 18. 20 तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे होते आणि पेढीचा सारा हिशेब, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी आणि बँकेचे व्यवहार त्याच एका यंत्रात होते. मुनीमजी संध्याकाळी नोंदी करायला बसले तेव्हा त्यांना अँटिव्हायरस बंद असल्याची सूचना दिसली आणि त्यांनी मुलाला हाक मारली. फाईल उतरली होती, उघडली नव्हती. दोन बोटांच्या अंतरावरून संकट गेले.

कुलूप तोडलेल्या प्रती फुकट का वाटल्या जातात, याचा विचार व्यापाऱ्याच्या मुलाला तरी सुचला पाहिजे. माल फुकट मिळतो तेव्हा किंमत दुसरीकडून वसूल होत असते. अशा प्रतींतून पासवर्ड चोरणारे किंवा सगळ्या फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारे प्रोग्राम आत येतात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायची असतात. ती एका रात्रीत गमावली तर 'मुलाने खेळ टाकला होता' हे उत्तर कोठेही चालत नाही. शिवाय परक्याच्या कष्टाची वस्तू न देता घेणे हे अचौर्याच्या व्रताला धरून नाही, हे जैन घरात वेगळे सांगायला नको.

खेळ चालतो की नाही हे पाहण्याचा प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे. 'स्टीम' या विक्रीच्या मंचावर घेतलेला खेळ 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल, तर परत करता येतो व रक्कम मिळते. दोन तासांत ऐपतीची परीक्षा पुरेशी होते.

आर्थिक बाजूच्या आणखी दोन गोष्टी. मुलाच्या खेळासाठी घेतलेला संगणक पेढीच्या नावे दाखवून 18 टक्के जीएसटीचा परतावा घेण्याचा मोह होतो. वैयक्तिक उपयोगाच्या वस्तूवर तो मिळत नाही, असे कलम 17(5) स्पष्ट सांगते. दुसरे म्हणजे, आयकराच्या नियमांत संगणकाचा घसारा 40 टक्के आहे. एक लाखाचे यंत्र पहिल्या वर्षानंतर वहीत 60,000, दुसऱ्यानंतर 36,000 आणि तिसऱ्यानंतर 21,600 रुपयांचे उरते. इतक्या झपाट्याने किंमत उतरणारी दुसरी वस्तू व्यापारी क्वचितच घरात आणत असेल. म्हणून 'पुढे लागेल' म्हणून आजच भारी यंत्र घेणे हा सौदा तोट्याचा. आज लागेल तेवढेच घ्यावे आणि पुढे वाढवता येईल असे घ्यावे.

कोणता खेळ, हेही ठरले पाहिजे

पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली. शर्यतीचे वा कथेचे खेळ त्यात मोडत नाहीत, हा फरक आजी-आजोबांनी ध्यानी घ्यावा. सरसकट सगळ्याला जुगार म्हटले की मुले ऐकायचे थांबतात. मात्र जे खेळ यंत्राला पेलतात ते सगळे मनालाही पेलतात असे नाही. 'जीटीए 5' ला युरोपातील वर्गीकरणात 18 वर्षांवरील अशी खूण आहे. पडद्यावरचा प्राणी खरा नसतो, पण मारण्याचा संकल्प मनात उमटतोच; आपल्याकडे द्रव्यहिंसेइतकाच भावहिंसेचा विचार झाला तो याचसाठी. अनर्थदंड म्हणजे प्रयोजनावाचून ओढवून घेतलेला दोष. गाडीची शर्यत, विमान चालवणे, शहर वसवणे असे उत्तम चित्रांचे खेळ असताना निवडीला वाव पुष्कळ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे आणला. त्यातही लढाया आहेत, पण त्यातील भित्तिचित्रे आणि वास्तू पाहताना मुलांना हेही कळते की असे खेळ घडवणे ही विद्या आहे आणि ती महाराष्ट्रात शिकता व करता येते.

नांदेडच्या घरी अखेर आजोबांनी नातवालाच प्रस्ताव लिहायला सांगितले. 'तू अर्जदार, मी मंजुरी देणारा. एका पानात मांड.' नातवाने पाच ओळींचा तक्ता केला: प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम, डिस्क, वीज. एका बाजूला घरची ऐपत, दुसऱ्या बाजूला खेळाची मागणी, तिसऱ्या रकान्यात कमतरता आणि चौथ्यात तीन दुकानांतून आणलेले भाव. नवे भारी यंत्र आपल्याला नकोच, हे त्या तक्त्यावरून त्याला स्वतःलाच दिसले.

निर्णय असा झाला. पेढीसाठी एक साधा, लहान संगणक वेगळा घ्यायचा. तो केवळ हिशेबाचा, त्यावर दुसरे काही नाही. हिशेबाची प्रत आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून तिजोरीत ठेवायची. जुना संगणक वर घरात न्यायचा, त्याची मूळ डिस्क काढून जपून ठेवायची, आणि त्यात एसएसडी, रॅमची दुसरी पट्टी, चांगला एसएमपीएस व 75 वॅटचे कार्ड बसवायचे. कार्डाचा खर्च नातवाने आपल्या वाढदिवसाच्या साठलेल्या पैशांतून करायचा. शिफारशीच्या रकान्यापर्यंत हे यंत्र पोचत नाही, किमान रकान्यापाशी मात्र उभे राहते; आणि तेवढे पुरे आहे असे अर्जदाराने स्वतःच लिहून दिले.

एक अट आजोबांनी शेवटी हाताने जोडली. घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. त्यानंतरची संध्याकाळ मोठी असते. सामायिकाला 48 मिनिटे लागतात, तेवढीच मिनिटे खेळाला. नातवाने विचारले, 'आजोबा, शर्यत अर्धी राहिली तर?'

'खेळ थांबवायची सोय असते ना त्यात?'

'असते.'

'मग झाले,' आजोबा म्हणाले, आणि कागदावर सही केली.